सचेतनपटातील गीत आणि ओसरत्या गावांचे स्मरणरंजन : ‘कार्स’मधील ‘अवर टाउन’ या गीताच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

‘नॉस्टॅल्जिया’ या संज्ञेसाठी मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला आहे. या शब्दाची फोड केली असता त्यात दोन भिन्न कार्ये दिसून येतात. स्मरण हे घडून गेलेल्या गोष्टीचा शोध घेते, तर रंजन हे त्या गोष्टीची बोच सुसह्य करते. कलाकृतीत ही दोन्ही कार्ये एकत्र येतात, तेव्हा त्यांपैकी कोणते वरचढ ठरते, हा समीक्षेचा प्रश्न असतो. सचेतनपट, म्हणजेच ॲनिमेशन चित्रपट, हा प्रामुख्याने बालप्रेक्षकांसाठीचा प्रकार मानला जात असल्याने त्यातील गीतांकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात पिक्सार या संस्थेच्या ‘कार्स’ (२००६) या चित्रपटातील ‘अवर टाउन’ या गीताचा विचार करून, ओसरत्या गावाचे दुःख मांडताना ते गीत त्या दुःखाच्या कारणाचे काय करते, याचे विवेचन केले आहे.

गीताचे कथानकातील स्थान :

जॉन लॅसेटर दिग्दर्शित ‘कार्स’मधील रेडिएटर स्प्रिंग्ज हे गाव काल्पनिक असले, तरी ते ज्या ‘रूट ६६’ या रस्त्यावर वसलेले दाखवले आहे तो रस्ता वास्तवातील आहे. लायटनिंग मॅक्वीन ही गर्विष्ठ शर्यतीची गाडी योगायोगाने या गावात अडकते. सॅली ही गावातील रहिवासी त्याला उंचावरून दूरवरचा महामार्ग दाखवते आणि जुना रस्ता जमिनीच्या चढउतारांनुसार कसा जात असे, हे सांगते. प्रवासाची केवळ दहा मिनिटे वाचावीत म्हणून गाव वगळले गेले, असेही ती स्पष्टपणे सांगते. या प्रसंगी ‘अवर टाउन’ ऐकू येते. गजबजलेले गाव, नव्या महामार्गाची सरळ रेषा, आटत गेलेली वाहतूक आणि बंद पडलेली दुकाने अशी दृश्यमालिका त्यासोबत उलगडते. रँडी न्यूमन यांनी लिहिलेले व संगीतबद्ध केलेले हे गीत जेम्स टेलर यांनी गायिले असून त्यास २००७ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. संवाद कारण सांगतो, दृश्य कारण दाखवते. गीत मात्र काळ बदलतो आणि माणसे निघून जातात, एवढ्यावरच थांबते. शिवाय ते कोणत्याही पात्राच्या तोंडी नाही. ‘आमचे गाव’ असे म्हणणारा आवाज गावातील कोणाचाच नाही.

बालपणाचा साचा आणि गावाची कथा :

या विसंगतीचा उलगडा लॅसेटर व न्यूमन यांच्याच ‘टॉय स्टोरी २’ (१९९९) या चित्रपटात होतो. त्यात जेसी या बाहुलीची कथा साराह मॅकलाक्लन यांनी गायिलेल्या गीतातून येते. एमिली ही तिची मालकीण मोठी होते आणि बाहुली मागे पडते. पूर्वीचे सुख, हळूहळू येणारे दुर्लक्ष आणि शेवटचे एकाकीपण हा त्या गीताचा क्रम ‘अवर टाउन’मध्येही जवळपास तसाच आढळतो. परंतु मूल मोठे होणे हा निसर्गक्रम आहे. त्यात कोणी दोषी नसतो. रस्ता कोठून न्यायचा, हा मात्र निर्णय असतो. बालपण सरण्याचा साचा गावाच्या ऱ्हासाला लावला की निर्णयालाही निसर्गक्रमाचे रूप येते. ‘अवर टाउन’चे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एकाच ठिकाणी आहेत.

ऐतिहासिक वास्तव :

रूट ६६ या मार्गास १९२६ मध्ये मान्यता मिळाली. शिकागोपासून कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या या मार्गाला जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ (१९३९) या कादंबरीने साहित्यात स्थान दिले. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या बांधणीला मोठा निधी उपलब्ध करून दिला आणि जुन्या रस्त्यावरील गावे एकेक करून वगळली गेली. ॲरिझोना राज्यातील सेलिग्मन हे गाव १९७८ मध्ये वगळले गेले. १९८५ मध्ये मार्गाची अधिकृत मान्यताच काढून घेण्यात आली. म्हणजेच या ऱ्हासाला कायदा आहे, निधी आहे, तारखा आहेत.

चित्रपटातील पुनरुज्जीवनाबाबतही हीच तफावत दिसते. रेडिएटर स्प्रिंग्ज सावरते, कारण विख्यात मॅक्वीन आपले ठाणे तेथे हलवतो. सेलिग्मनमध्ये मात्र एंजल डेलगाडिलो या स्थानिक केशकर्तनकाराने इतर रहिवाशांसह १९८७ मध्ये संघटना उभारली आणि राज्याकडून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळवला. चित्रपटाने या सामूहिक प्रयत्नाच्या जागी एका प्रसिद्ध व्यक्तीचे औदार्य ठेवले आहे.

स्मरणरंजनातील दुसरे मौनही नोंदवणे आवश्यक ठरते. ज्या काळाला गीत सुवर्णकाळ मानते, त्याच काळात कृष्णवर्णीय प्रवाशांना कोठे प्रवेश व मुक्काम मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका १९३६ पासून प्रसिद्ध होत होती. ‘आमचे गाव’ यातील ‘आमचे’ सर्वांना सामावून घेणारे नव्हते.

एक तुलना :

कारण सांगितल्याने गीतातील भाव उणावतो, असा आक्षेप घेता येईल. जपानमधील स्टुडिओ जिब्लीचा ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ (१९९५) हा योशिफुमी कोंदो दिग्दर्शित चित्रपट या आक्षेपाला उत्तर देतो. त्यातील शिझुकू ही शाळकरी मुलगी जॉन डेन्व्हर यांच्या ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ (१९७१) या गीताचे जपानी रूपांतर करते. तोक्योच्या पश्चिमेकडील उपनगरात वाढलेल्या तिला परत जाण्यासाठी असे गावच नाही. म्हणून ती ‘काँक्रीट रोड’ हे विडंबनही रचते. टेकड्या आणि वनराई हटवून झालेली वस्ती हेच आपले गाव, असे ते विडंबन हसत हसत सांगते. त्याच परिसरातील तामा न्यू टाउनच्या बांधणीवर इसाओ ताकाहाता यांचा ‘पोम पोको’ हा चित्रपट १९९४ मध्ये येऊन गेला होता. शिझुकूचे मूळ रूपांतर हळवे आहे आणि विडंबन बोचरे आहे. दोन्ही एकाच मुलीची असल्याने एक दुसऱ्याला खोटे ठरवत नाही. मुख्य म्हणजे येथे शब्द त्या ठिकाणी राहणाऱ्या व्यक्तीचे आहेत.

निष्कर्ष :

१. ‘अवर टाउन’ हे गीत ओसरत्या गावाचे दुःख प्रभावीपणे पोहोचवते. परंतु बालपणाच्या स्मृतीचा साचा वापरल्याने मानवी निर्णयाला निसर्गक्रमाचे रूप देते.

२. कारणाची बाजू संवाद व दृश्य सांभाळतात. त्यामुळे गीत चित्रपटापासून वेगळे ऐकले असता स्मरण मागे पडून रंजन उरते.

३. ‘काँक्रीट रोड’वरून असे दिसते की बालप्रेक्षकांसमोरही कारणासह दुःख मांडता येते.

आपले गाव का ओसरले, हा प्रश्न मूल विचारते तेव्हा ‘काळ बदलला’ हे उत्तर सोपे असते. त्या उत्तरापलीकडे रस्ता कोणी वळवला हे सांगणारे गीतच स्मरणरंजनातील ‘स्मरण’ या अर्ध्याला न्याय देते.