गटारातली नाव : अमृता पाटील यांची 'कारी'

मंडळी, मागच्या वेळी भुताखेतांच्या कथांवर बोललो, तेव्हा चित्रकादंबरीचा विषय राहून गेला होता. अमृता पाटील यांची 'कारी' ही इंग्रजी चित्रकादंबरी २००८ साली हार्परकॉलिन्सनं काढली. लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच.

सुरुवातीलाच कारी आणि रूथ, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन मुली, इमारतीवरून उडी मारतात. रूथ जाळीत अडकून वाचते आणि शहर सोडून जाते. कारी गटारात पडते, आणि ते घाण पाणीच तिला झेलतं. तेव्हापासून ती दिवसा जाहिरात कंपनीत नोकरी करते आणि रात्री गटारांतून नाव वल्हवते. तुमच्यातल्या ज्या मुली पहाटेची कर्जत लोकल पकडून नोकरीला जातात, त्यांना हे शहर ओळखीचं वाटेल.

आपल्या खालापुरातली पाताळगंगा नावानं पाताळातली, पण वाहते भर उन्हात. कारीची नदी खरोखरच जमिनीखाली आहे. परंपरेत वैतरणी ओलांडायला गाईचं शेपूट लागतं. इथं वल्ही मारणारी स्वतः मरणाच्या दारातून परत आलेली आहे, म्हणून तिला वाट ठाऊक!

समलिंगी प्रेमाची कादंबरी अशी या पुस्तकाची ओळख करून दिली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. आमच्या मते पुस्तकाचा जीव एंजलच्या पानांत आहे. एंजलला कर्करोग झालाय, ती वाचणार नाही. नोकरीतून झालेली ही ओळख, पण कारी तिच्याकडे जात राहते. रक्ताचं नातं नाही, प्रेमप्रकरण नाही, निव्वळ मैत्री. हायडेगर सांगून गेला की मरण ज्याचं त्यालाच मरावं लागतं. मान्य. पण काठापर्यंत सोबत कोण करणार, हा प्रश्न उरतोच. आमच्या वयाला वरचेवर कुणाच्या तरी उशाशी बसावं लागतं. आपण तिथं काय करतो? "काही होत नाही, बरे व्हाल" म्हणतो आणि घड्याळाकडे बघतो. कारी तसलं आश्वासन देत नाही. रूथ जिवंत असून गमावलेली, एंजल डोळ्यांदेखत चाललेली. या दोन वियोगांत लेखिका गल्लत करत नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

उणं आहेच. घरातल्या इतर मुली, बिल्लो आणि डेलना, वरवरच्या उतरल्यात. कित्येक पानांवर शब्दांची इतकी दाटी की चित्राला श्वास घेता येत नाही. मात्र आरंभीचं चित्र बघाच. फ्रिदा काहलोच्या १९३९ च्या 'दोन फ्रिदा'ची आठवण करून देणारं, दोघींची हृदयं एकाच रक्तवाहिनीनं जोडलेली.

पुढं २०१२ च्या 'आदि पर्व'मध्ये पाटील यांनी कथा सांगायला बसवलं ते गंगेला, आणि २०१६ च्या 'सौप्तिक'मध्ये मरण न लाभलेल्या अश्वत्थाम्याला. नदी आणि मरता न आलेलं माणूस, दोन्ही 'कारी'त आधीच भेटतात. त्या दोन पुस्तकांवर पुढच्या वेळी बोलू.