धारवाडचा वेढा आणि मूरची साक्ष

मराठ्यांच्या तोफखान्याविषयीं इंग्रजींत जें लिहिलें गेलें आहे, त्यांत एक चित्र वारंवार भेटतें. गोलंदाज तोफ भरतात, अर्धा तास धूम्रपान करीत गप्पा मारतात, मग बत्ती देतात, आणि तटावर धुरळा उडाला कीं समाधान पावून पुन्हां बसतात. या चित्राचा मूळ धनी लेफ्टनंट एडवर्ड मूर होय. तासगांवकर परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं सप्टेंबर १७९० मध्यें टिपूच्या धारवाड किल्ल्यास वेढा घातला, तेव्हां त्यांच्या मदतीस आलेल्या कॅप्टन लिटलच्या फौजेंत तो होता. त्याचा ग्रंथ १७९४ सालीं लंडनास छापला गेला. पुढें १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास राहिलेल्या ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत त्याचा आधार घेतला, आणि एका मोर्चावरील दृश्य हळूहळू साऱ्या मराठी सैन्याचें लक्षण होऊन बसलें.

मूर प्रत्यक्षदर्शी होता व मराठ्यांचा द्वेष्टाहि नव्हता. हिंदूंच्या देवदेवतांवर त्यानें पुढें (१८१०) मोठा ग्रंथ लिहिला. त्यानें जें पाहिलें तें खोटें म्हणण्याचें कारण नाहीं. आमचा आक्षेप त्यावरून काढलेल्या अनुमानास आहे. त्याच मजकुरांत मूर सांगतो कीं, दुपारीं भोजनाच्या वेळीं सुमारें दोन तास दोन्हीकडील तोफा बंद असत. दोन्हीकडील, हे शब्द महत्त्वाचे. किल्ल्यांत बद्रुज्जमानखान होता, शिबंदी टिपूची होती. मग हा आळस एकट्या मराठ्यांच्या माथीं कां ? ही त्या काळची त्या प्रांतांतील वेढ्याची रीत दिसते. परंतु टिपूच्या गोलंदाजांस कोणी सुस्त म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

दुसरें असें कीं, इंग्रजी कवायती पलटणी आल्यानें किल्ला झटपट पडला असेंहि झालें नाहीं. कर्नल फ्रेडरिक कुमक घेऊन आला. फेब्रुवारी १७९१ मध्यें इंग्रजांनीं केलेला हल्ला फसला. त्या हल्ल्यांत मूर स्वतः होता. मार्चमध्यें फ्रेडरिक छावणींतच वारला, आणि किल्ला अखेर एप्रिलच्या आरंभीं तहानें हातीं आला. भाऊंच्या बाजूचा दोष लपविण्याचें मात्र प्रयोजन नाहीं. दारूचा पुरवठा अपुरा होता, तोफा जुन्या व नाना मापांच्या होत्या, आणि खिंडार पाडण्याचें शास्त्र जाणणारा माणूस जवळ नव्हता. साडेसहा महिने लागले ते उगीच नव्हेत.

परंतु सैन्याचें मोल केवळ तोफेवर करावयाचें काय ? त्याच वर्षीं मे महिन्यांत लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोंचला. बैल मेले, दाणा संपला, आणि वेढ्याच्या जड तोफा त्यास स्वतःच्या हातानें नष्ट कराव्या लागल्या. माघारी फिरतांना जें घोडदळ प्रथम शत्रूचें वाटलें, तें परशुरामभाऊ व हरिपंत फडके यांचें निघालें. मराठी छावणीच्या बाजारांतील धान्यावर इंग्रज फौज जगली. भाव कडक घेतला हें खरें, पण बाजार होता ! ज्या लष्कराची तोफ मंद चाले, त्याचा दाणागोटा शत्रूच्या मुलुखांत चालू राहिला, ही गोष्ट मूरच्या चित्रापुढें ठेवल्यावांचून त्या पद्धतीचा न्याय होत नाहीं.

कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून मिरजेस बसून पटवर्धनी दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला. मूर वाचणारानें तो शेजारीं ठेवून एकेका तारखेचा पडताळा घ्यावा. छापील पत्रांत बहुधा राजकारण अधिक व हिशेब कमी येतो. तासगांव १८४८ त खालसा झालें. तेथील, तसेंच सांगली, मिरज व सातारा येथील जुन्या घराण्यांच्या रुमालांत तोफखान्याचा जमाखर्च, दारूगोळ्याच्या यादी, बैलांच्या किंवा वंजाऱ्यांच्या पुरवठ्याचे बंद असतील, तर संग्राहकांनीं ते क्षुल्लक म्हणून बाजूस सारूं नयेत. रोज किती दारू मोर्चावर गेली हें एका यादीवरून ठरलें, तर तो अर्धा तास सुस्तीचा कीं टंचाईचा याचा निकाल लागेल.