खलपुरुषाचा मुलूख

मराठी रंगभूमीने आणि तिच्यामागोमाग मराठी चित्रपटाने गेल्या सव्वाशे वर्षांत जे खलपुरुष उभे केले, त्यांची वंशावळ मांडू गेल्यास एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही, ती ही की, ज्या काळी आमच्या लेखकांना आपल्या पीडेचे कारण नेमके ठाऊक होते त्या काळी त्यांचा खलपुरुष जिवंत उतरला, आणि ज्या काळी ते कारण दिसेनासे झाले किंवा ते पाहण्याची इच्छाच उरली नाही, त्या काळी त्यांनी त्याच्या डोळ्यांत काजळ घातले, त्याला गडगडाटी हास्य दिले आणि तेवढ्यावर समाधान मानले. सातपुड्याच्या पायथ्याशी, कापसाच्या काळ्या जमिनीत वसलेल्या वरवट बकालसारख्या गावी राहून ही कला न्याहाळणाऱ्याला त्यात आणखी एक उणीव जाणवते: मराठी खलपुरुषाचा मुलूख फार लहान आहे, आणि त्या मुलखात वऱ्हाड जवळजवळ नाही.

प्रतिनायकाची कल्पना आपण कोणाकडून उसनी घेतलेली नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शकार, ज्याच्यापाशी राजाच्या शालकपदाखेरीज कोणतीही योग्यता नाही, परंतु तेवढ्या नात्याच्या बळावर जो न्यायाधीशालाही दमदाटी करतो आणि वसंतसेनेचा गळा दाबून, ती मेली असे समजून, तो खून चारुदत्ताच्या माथी मारतो, हा सत्तेच्या आश्रयाने माजलेल्या दुष्टाचा फार जुना आणि फार खरा नमुना होय, गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक मराठीत आणले तेव्हा असा माणूस आपल्या प्रेक्षकांना मुळीच परका नव्हता. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले, आणि विराटाच्या दरबारातील त्या उन्मत्त सेनापतीत लॉर्ड कर्झन यांना ओळखण्यास कोणालाच कष्ट पडले नाहीत; सरकारलाही पडले नाहीत, म्हणूनच १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. एका खलपात्राची दखल साम्राज्याच्या दप्तरात घेतली जावी, याहून त्याच्या जिवंतपणाचा दुसरा पुरावा तो कोणता?

राम गणेश गडकऱ्यांनी या परंपरेत जी भर घातली ती निराळ्या जातीची आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे त्यांचे निधन झाले, त्यापूर्वी थोडेच दिवस पुरे झालेल्या ‘भावबंधना’तील घनश्याम हा लतिकेकडून झालेल्या अवहेलनेने डिवचला गेलेला बुद्धिमान मनुष्य आहे, त्याची सूडबुद्धी निंद्य असली तरी तिचे मूळ प्रेक्षकाला कळते, आणि कळल्यामुळेच तो अधिक भयंकर वाटतो. चिंतामणराव कोल्हटकरांचे नाव या भूमिकेशी कायमचे जडले. दुष्टाला स्वतःची बाजू असते, आणि ती त्याने उत्तम मराठीत मांडावी, हा धडा गडकऱ्यांनी घालून दिला. पुढील पिढ्यांनी तो फार थोडा गिरवला.

चित्रपटाचा आरंभ मात्र मोठा आशादायक होता. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा, आणि त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. काळोखात बुडालेली झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे हे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या मनातून पुढे वर्षानुवर्षे गेले नाही. या सावकारामागे इतिहास उभा होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत रयतेने सावकारांच्या जिवावर फारसे न उठता त्यांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली, आणि त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. आपला वैरी माणसापेक्षा कागदात अधिक आहे, हे त्या निरक्षर कुणब्यांना जितके स्वच्छ उमगले होते तितके पुढील पन्नास वर्षांच्या पटकथाकारांना उमगले नाही.

यानंतर खलपुरुष कोल्हापुरातच स्थायिक झाला. तेथील चित्रपटव्यवसायाने ग्रामीण मराठी चित्रपटाला त्याचा पेहराव, त्याची बोली आणि त्याचा पाटील दिला. फेटा, कोल्हापुरी चपला, वाडा, फडावरची बैठक हे सर्व एकदा ठरून गेले, आणि महाराष्ट्रातील प्रत्येक खेड्याचा जुलमी पुढारी हा पंचगंगेच्या काठचाच असतो असा एक अलिखित संकेत रूढ झाला. या साच्यातूनही एक थोर नट निपजला, हे आपले भाग्य. निळू फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले, लोकनाट्यातून आलेले. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून त्यांनी पडद्यावर दुष्टत्वाची जी कळा आणली तिच्यात आरडाओरड जवळजवळ नव्हतीच. धोतराचा सोगा बोटांत धरून सावकाश चालत येणे, समोरच्याकडे थेट न पाहता किंचित कलत्या नजरेने त्याची किंमत करणे, आणि घोगऱ्या, खालच्या पट्टीतील आवाजात हुकमापेक्षा विनंतीच अधिक वाटेल असे बोलणे: अधिकार ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मुरला आहे त्याला तो दाखवावा लागत नाही, हे मर्म त्या चालण्याबोलण्यात होते.

त्या कलेचा कळस ‘सामना’ हा. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवातील स्पर्धेत हा चित्रपट गेला. सहकारी साखर कारखानदारीचे साम्राज्य उभारणारा निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील दारूने पोखरलेल्या एका गांधीवादी मास्तराला आपल्या आश्रयाला आणतो, त्याला खाऊपिऊ घालतो, आपली कर्तबगारी अभिमानाने दाखवतो, आणि डॉ. श्रीराम लागूंचा तो मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, तो म्हणजे मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले हा. हिंदुरावाचे आदरातिथ्य खोटे नाही, त्याने केलेली भरभराट खोटी नाही, आणि मारुतीचा खूनही खोटा नाही. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. सहकाराच्या राजकारणातून उगवलेला धनी इतक्या जवळून पाहण्याचे धैर्य मराठी चित्रपटाने त्यानंतर फार क्वचित दाखवले. ‘देऊळ’ (२०११) मधील भाऊ गलांडे हा त्या क्वचितांपैकी एक.

खलस्त्रीची कथा थोडक्यात सांगता येते, कारण तिच्यात विकास नाही. ‘रामशास्त्री’ (१९४४) मध्ये ललिता पवारांनी आनंदीबाई रंगवली, त्यात महत्त्वाकांक्षेचे तेज तरी होते. पुढे तीच समर्थ नटी आणि तिच्या वारसदार सासूच्या खाटेला बांधल्या गेल्या. महेश कोठारे यांच्या चित्रपटांतील कवट्या महाकाळ व तात्या विंचू या खलपुरुषांनी मुलांच्या दोन पिढ्या रमवल्या. ते काम त्यांनी चोख केले. चिंता वाटते ती अलीकडील ऐतिहासिक चित्रपटांची, ज्यांत शत्रू म्हणजे केवळ मांस ओरबाडणारा आणि डोळे वटारणारा पशू. शत्रू जितका क्षुद्र तितका त्याच्यावरील विजयही क्षुद्र होतो, हे साधे गणित त्यांत सुटलेले नाही. लोकमानस याहून उदार आहे: आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पातूर तालुक्यातील सांगोळा गावी, दसऱ्याला रावणाचे दहन होत नाही, त्याच्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीची पूजा होते.

वऱ्हाड-विदर्भाने या कलेला काही दिलेच नाही असे मात्र नव्हे. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, आणि त्यातील खाँसाहेब आफताब हुसेन साकारणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. त्या प्रतिनायकाचा मत्सर आणि त्याच्या गळ्यातील विद्या एकाच वेळी ऐकू येत असल्यामुळे प्रेक्षकाला त्याचा निखळ द्वेष करणे कधीच जमले नाही. कादंबरीत तर वऱ्हाडी लेखकांनी खलपुरुषावाचूनच शोकांतिका रचून दाखवली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिकचे दुर्दैव कोणा एका दुष्टाच्या माथी मारता येत नाही. आमच्याच बुलडाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ (२००२) मध्ये शिकलेल्या एकनाथाला भाव, बियाणे, पाऊस आणि नोकरीसाठी मोजावा लागणारा पैसा यांनी असे चहूबाजूंनी घेरले आहे की, ज्याची गचांडी धरावी असा माणूसच त्याला सापडत नाही. हे सत्य आहे, आणि ते सांगण्यास मोठे सामर्थ्य लागते. ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटाने हीच वाट धरली.

तरीही माझे समाधान होत नाही. निराकार व्यवस्थेला दोष देण्यात कालांतराने एक प्रकारची सोय होऊन बसते; व्यवस्था ही अखेरीस माणसांच्याच हातून चालते, आणि ती माणसे आमच्या ओळखीची असतात. १८५३ साली निजामाकडून कंपनीच्या अमलाखाली आलेला हा मुलूख, जलंबहून खामगावला १८७० मध्ये खास कापसासाठी आलेला लोहमार्ग, आणि त्या कापसाच्या पाठोपाठ वाढलेला उचल, गहाण, जप्ती व लिलाव यांचा व्यवहार, एवढी सामग्री समोर असता आमच्या सावकाराला पडद्यावर चेहरा मिळाला नाही, आणि वऱ्हाडी बोली तेथे आली ती बहुधा हसवण्यापुरतीच. ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) पुण्याच्या परिघावरील जमिनीचा सौदा आणि त्यातून जन्मणारा गुन्हेगार यांचा संबंध उघड केला, तसा प्रयत्न आमच्या कपाशीच्या पट्ट्यात कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

तो कोणी करील तर खलपुरुष फार दूर शोधावा लागणार नाही. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ साली आला, परंतु व्याजाने पैसा देणारा बिनपरवाना गृहस्थ अजूनही गहाणखत न करता सरळ खरेदीखतच लिहून घेतो. पैसे फिटले की शेत परत फिरवून देऊ, हा करार तोंडीच राहतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तो कर्जदाराच्या शेजारी बाकावर बसतो, त्याच्या मुलीच्या सोयरिकीची चौकशी करतो, साक्षीदारांना चहा पाजतो, अंगठ्याला शाई लागली की स्वतःचा रुमाल पुढे करतो, आणि महिन्याभराने सातबाऱ्यावर फेरफार नोंदवून घेतो. त्याचे बोलणे गोड आहे, शुद्ध वऱ्हाडी आहे, आणि अडल्या वेळी बँकेने दिला नाही तो पैसा आपण दिला, हा त्याचा युक्तिवाद खोटा नाही. घनश्यामाला त्याचे शब्द देणारा लेखक आणि हिंदुरावाला त्याची चाल देणारा नट यांच्या तोलाची माणसे या पात्राच्या वाट्याला येईपर्यंत मराठी खलपुरुषाच्या नकाशात वऱ्हाडची जागा मोकळीच राहणार आहे.