बॅटल मॅट: पुसता येणारा नकाशा, न पुसली जाणारी जाळी

मागच्या पोस्टमध्ये मॉडेलमधल्या गृहीतकांबद्दल लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं की गृहीतक समोर असूनही दिसत नसेल तर ओळखायचं कसं? उत्तर म्हणून आज एका खेळाच्या साहित्याचं परीक्षण करते. हसू नका, फिरून माझ्या प्रगती अहवालापर्यंतच यायचंय.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांतून वाढलेला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, फासे टाकतात. मारामारी सुरू झाली की कोण कुठे उभा आहे हे सगळ्यांना दिसावं लागतं. त्यासाठी बॅटल मॅट. एकेक इंचाचे चौकोन छापलेलं शीट, एक इंच म्हणजे खेळातले पाच फूट. मार्करने भिंती, दारं, नदी काढायची, खेळ संपला की पुसायचं आणि मॅट पिशवीत टाकून घरी.

दोन प्रकार जास्त चालतात. चेसेक्सची व्हिनाइलची गुंडाळता येणारी मॅट, आणि पायझोची घडी घालता येणारी, लॅमिनेट केल्यासारखी फ्लिप-मॅट. व्हिनाइलवर फक्त वेट-इरेज मार्कर चालतो, म्हणजे ओल्या फडक्याने पुसला जाणारा. व्हाइटबोर्डचा मार्कर वापरलात तर डाग कायमचा राहू शकतो. कारण साधं आहे: मऊ व्हिनाइलमध्ये ते लवचीक राहावं म्हणून प्लॅस्टिसायझर मिसळलेले असतात, आणि मार्करचा रंग अशा पृष्ठभागात मुरतो. लाल रंग याबाबतीत कुप्रसिद्ध आहे. आमच्या हॉस्टेलच्या मॅटवर एका ड्रॅगनची गुलाबी शेपटी दोन वर्षं तशीच आहे. फ्लिप-मॅटचं तसं नाही, तिच्यावर पर्मनंट मार्करसुद्धा निघतो (त्यावरून व्हाइटबोर्ड मार्कर फिरवायचा आणि लगेच पुसायचं; ही युक्ती लॅबमधल्या बोर्डावर तुम्ही केलीच असेल). पण घड्या कधीच पूर्ण सपाट होत नाहीत, आणि नेमका त्या उंचवट्यावर पुतळा डुगडुगतो.

इथवर झालं ग्राहकाचं परीक्षण. माझी खरी तक्रार वेगळी आहे. मॅटवर तुम्ही काढलेलं सगळं पुसलं जातं, पण छापलेली जाळी पुसली जात नाही. आणि खेळाचे अर्धे नियम ती जाळीच ठरवते.

पात्राला एका वेळी ३० फूट चालता येतं, म्हणजे सहा चौकोन. तिरकं गेलं तर? चौकोनाचा कर्ण बाजूच्या १.४१ पट. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सरळ सांगितलं, तिरका चौकोनही एकच मोजा. मग सहा तिरके चौकोन म्हणजे खरं अंतर ४२ फुटांच्या वर. तिरकं पळणारा माणूस फुकटात ४१ टक्के वेगवान! त्याच हिशेबाने आगीचा गोळाही गोल न राहता चौकोनी झाला. त्याआधीच्या साडेतीनाव्या आवृत्तीत पहिला तिरका चौकोन ५ फुटांचा, दुसरा १० चा, तिसरा पुन्हा ५ चा, असं मोजायचे. सरासरी दीड पट, चूक सहा टक्क्यांच्या आसपास. गणित म्हणून हे खूपच बरं, पण दर चालीला बोटं मोजत बसायला खेळाडू वैतागतात. मी मात्र याच नियमाच्या बाजूने आहे, कारण तो जाळीची चूक निदान कबूल तरी करतो.

चेसेक्सची मॅट उलटी केली की मागे षटकोन असतात. तिथे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर, पण खोलीची सरळ भिंत षटकोन अर्धे कापत जाते आणि काही दिशांना नागमोडी चालावं लागतं.

आता गंमत बघा. १९७३ मध्ये हार्डी, पोमो आणि द पाझिस यांनी द्रवाच्या प्रवाहासाठी चौकोनी जाळीवर कणांचं एक मॉडेल मांडलं. त्यातला ‘द्रव’ सगळ्या दिशांना सारखा वागत नव्हता. १९८६ मध्ये फ्रिश, हॅस्लाकर आणि पोमो यांनी तशीच कल्पना षटकोनी सममितीच्या जाळीवर नेली आणि द्विमितीय प्रवाहाची नेहमीची समीकरणं हाती आली. थोडक्यात, मॅट उलटी केली!

हे मला वाचून माहीत होतं. तरीही माझ्या सिम्युलेशनमध्ये जिवाणूंची वसाहत हिऱ्याच्या आकारात वाढायला लागली, तेव्हा मी खूश झाले. चार दिशांना वाढ जास्त का, यावर अहवालात दोन पानं लिहून झाली होती, पोषकद्रव्यांचं कारणही जोडून झालं होतं. लॅबमधल्या सीनियर ताईने आकृती पाहिली आणि एवढंच विचारलं, “अगं, जाळी ४५ अंशांनी फिरवून बघितलीस का?” फिरवली. हिराही तेवढाच फिरला. माझी प्रत्येक पेशी फक्त वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पसरत होती, आणि ते मीच कोडमध्ये लिहिलं होतं. दोन पानं गेली, त्यांच्याबरोबर तीन आठवडेही.

मॅटवर आणखी एक गोष्ट दिसते. गोष्ट चालवणाऱ्याने खोलीत टेबल काढलं की सगळे टेबलाखाली बघायला धावतात. खिडकी काढली नाही तर खिडकीतून उडी मारायचं कुणाला सुचत नाही. काहीच न काढता निव्वळ बोलून खेळणारेही पुष्कळ आहेत, तिथे लोक भलतेसलते प्रश्न विचारतात. पण तिथे तुमचा राक्षस किती लांब आहे यावर भांडणं होतात, तेव्हा मॅट सोडा असं मी म्हणणार नाही.

पुसण्याबद्दल मात्र सांभाळा. लॅबच्या वहीत आपण खोडतो तेही एका रेघेने, खालचं वाचता येईल असं. मॅटवर तो पर्याय नाही, त्यामुळे आम्ही पुसण्याआधी फोटो काढतो, तारखेसकट. पुढच्या रविवारी “दार इथे नव्हतंच” हे किमान तीनदा ऐकू येतं.

नवी मॅट घ्यायची नसेल तर ए-३ कागदावर एक इंचाची जाळी छापून झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करून घ्या. एका कागदात ११ बाय १६ चौकोन बसतात, चार जोडले की पुरे. छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर इंच इंच राहत नाही. आणि मी तर मागच्या बाजूला षटकोनच छापून घेतलेत.