फुटलेले काडतूस आणि बोल्ट रायफलची सुरक्षितता : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती असलेली .३०३ ली-एनफिल्ड रायफल पुढे टीकेचा विषय झाली. स्वयंचलित शस्त्रापुढे ती संथ ठरते, ही टीका रास्त असली तरी अपुरी आहे. काडतूस फुटल्यास ही रायफल चालवणाऱ्याचे रक्षण कितपत करते, हा प्रश्न त्या चर्चेत मागे राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

विवेचन :
.३०३ काडतुसाचा कमाल दाब सुमारे ३६५० बार असतो. हा दाब पितळी पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटून रोखून धरते. म्हणजेच पुंगळी हेच वायूचे खरे झाकण होय. ती बुडाजवळ तुटली अथवा टोपी फुटली, की तप्त वायू बोल्टच्या मार्गाने डोळ्यांकडे धावतो.

१८९८ च्या मौझर रायफलीत यावर नेमका विचार दिसतो. बोल्टमधील दोन छिद्रे वायू डावीकडील खाचेत वळवतात आणि बोल्टच्या मागील टोपणाची रुंद कड तो चेहऱ्यापासून दूर सारते. ली-एनफिल्डमध्ये वायूला वाट असली तरी अशी रुंद कड नाही. शिवाय तिचे लग मागे असल्याने बार होताना बोल्ट किंचित दाबला जातो व बॉडी किंचित ताणली जाते. झिजेमुळे हेडस्पेस वाढल्यास पुंगळी अधिक ताणली जाऊन तुटण्याचा संभव वाढतो.

तथापि, केवळ मजबुतीवरून निर्णय देणे चुकीचे ठरेल. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफिल्डची रचना मौझरवरच आधारलेली होती. तरीही सदोष उष्णता-प्रक्रियेमुळे ठिसूळ झालेल्या तिच्या काही रिसीव्हरांचे, पुंगळी फुटताच, तुकडे झाले. १९१८ मध्ये ती प्रक्रिया बदलावी लागली. रचना चांगली असूनही धातूने दगा दिला, हा त्यातील बोध होय.

हा विषय महाविद्यालयांपासून दूर नाही. राष्ट्रीय छात्र सेनेचे छात्र बोल्ट पद्धतीच्या .२२ रायफलीने नेमबाजी शिकतात आणि त्यांची जबाबदारी आपल्यातीलच प्राध्यापक-अधिकाऱ्यांवर असते. .२२ चा दाब .३०३ च्या निम्म्याहूनही कमी असला, तरी तिच्या पुंगळीची स्फोटक कड पातळ असते. बाहेर पडणारा वायू शेजारी आडव्या पडलेल्या छात्रापर्यंतही पोहोचू शकतो. डावखुऱ्या छात्राचा चेहरा तर वेगळ्याच बाजूस असतो.

निष्कर्ष :
वायूची छिद्रे ही संरक्षणाची शेवटची फळी आहे, पहिली नव्हे. हेडस्पेसची गेजने नियमित तपासणी, निर्दोष दारूगोळा आणि प्रत्येक छात्राच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा या गोष्टी तिच्या आधी येतात. पुंगळी अर्धी तुटून चेंबरमध्ये अडकल्यास दुसरे काडतूस बळाने न रेटता गोळीबार थांबवावा. शस्त्राचे मूल्यमापन ते किती वेगाने चालते यावरून होते. ते बिघडते तेव्हा कसे वागते, हेही त्यात मोजले गेले पाहिजे.