हिरावलेली नावे आणि एक कादंबरी

अंतोन दोन्चेव यांची 'व्रेमे राझ्देल्नो' ही बल्गेरियन कादंबरी १९६४ साली आली. शीर्षकाचा अर्थ ताटातुटीचा काळ. कथा १६६८ची. काराइब्राहिम हा उस्मानी अधिकारी रोडोपी डोंगरातल्या एका खोऱ्यात लोकांना सक्तीने मुसलमान करण्यासाठी येतो. तो मूळचा तिथलाच. लहानपणी उचलून नेलेला, धर्म आणि नाव बदललेला. आपल्याच माणसांसमोर तो परका होऊन उभा राहतो. ही शोकांतिका लेखकाने ताकदीने रंगवली आहे, हे मान्य करायला हवे.

प्रश्न तिच्या वापराचा आहे. इथले मुसलमान म्हणजे बाटवलेले बल्गेरियनच, असा कम्युनिस्ट राजवटीचा दावा होता. १९७०च्या दशकारंभी बल्गेरियन बोलणाऱ्या पोमाक मुसलमानांची नावे बदलली गेली. १९८४-८५च्या हिवाळ्यात सुमारे ८ लाख तुर्कांवर तीच वेळ आली. चारचौघांत तुर्की बोलण्यावरही बंदी आली. या जुलमाचे सरकारी नाव होते 'पुनरुज्जीवन प्रक्रिया'. १९८८मध्ये ल्युदमिल स्तायकोव यांनी याच कादंबरीवर भव्य चित्रपट काढला. १९८९च्या उन्हाळ्यात ३ लाखांहून अधिक लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले.

नाव हिरावल्याचे दुःख सांगणारी कलाकृती नावे हिरावणाऱ्यांच्या कामी आली, ती कशी? कादंबरीत धर्मांतर घडते ते तलवारीच्या धाकाने. तिला आधार असलेली मेतोदी द्रागिनोव यांची बखर अनेक संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातली बनावट ठरवली आहे. उस्मानी करनोंदी सांगतात की तिथले धर्मांतर पिढ्यान्‌पिढ्या, हळूहळू होत गेले. त्यामागे जिझियाचा बोजाही होता. पण वाचकाने कल्पितालाच दस्तऐवज मानले आणि राजवटीला तेच हवे होते.

राजवट कोसळली. १९९०च्या कायद्याने नावे परत मिळाली. २०१२मध्ये संसदेने त्या सक्तीचा जाहीर निषेध केला. तरी २०१५मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी सर्वांत आवडता बल्गेरियन चित्रपट म्हणून 'व्रेमे राझ्देल्नो'लाच कौल दिला. कायद्याने नावे परत करता येतात. मनात बसलेली गोष्ट कायद्याने बदलत नाही.

म्हणून या कादंबरीवर बंदी नको. तिच्या शेजारी दुसरी गोष्ट हवी. राडोस्लाव्ह स्पासोव यांनी २००५मध्ये 'ओत्क्राद्नाती ओची' हा चित्रपट केला. त्यात नामांतराच्या त्या दिवसांत होरपळलेली एक तुर्क स्त्री आहे. काराइब्राहिमसाठी हळहळणाऱ्या वाचकाने तिच्यासाठीही हळहळावे, इतकीच मागणी आहे. ती जास्त आहे का?