बर्फावरील सोबती

पैनगंगेच्या कांठीं, किनवटच्या तापल्या सागवानी रानांत बसून बर्फावरील ग्रंथ वाचणें विनोदाचें वाटेल; पण फ्रिट्यॉफ नान्सेन याचें ग्रीनलंड-प्रवासाचें पुस्तक (१८९०) आम्हीं तसेंच वाचलें. १८८८ च्या ऑगस्टांत सहा माणसें बिनचाकी घसरगाड्या स्वतः ओढीत पूर्व किनाऱ्यावरून हिमपठार चढूं लागलीं. वस्ती पुढें, पश्चिमेस होती. मागें जवळजवळ निर्जन किनारा. परतण्याचा मोहच राहूं नये, अशी ही योजना. तिचें धाडस वाखाणलें जातें. परंतु शून्याखालीं ४५ अंशांच्या थंडींत तिची किंमत सहाहि जणांनीं दिली.

पुस्तकाचें मोठेपण आमच्या मतें निराळेंच आहे. बाल्टो या सामी सोबत्याची हकीकत नान्सेननें, तींतील कुरकुरीसह, आपल्या ग्रंथांत छापली. नायकाला दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहण्याची सोय त्यानें वाचकास करून दिली. मात्र वयानें वडील असलेल्या राव्नाविषयीं लिहितांना त्याच लेखणींत आदरापेक्षां थट्टाच अधिक उतरते. हें न्यून झांकतां येत नाहीं.

आमच्या या रानांत परक्यांना वाट दाखविणाऱ्या गोंड-कोलामांचे शब्द किती प्रवासवर्णनांत उतरले आहेत? आमच्या लेखकांनीं नान्सेनची हिंमत जरूर वर्णावी. पण त्याआधीं बाल्टोला दिलेलीं तीं पानें वाचावींत.